शनिवारची शाळा आणि दप्तरातला स्वेटर

फुलंब्रीत स्वेटरचं भांडण शनिवारी होतं. सोमवार ते शुक्रवार शाळा साडेदहाची. तोवर उन्हं ओट्यावर आलेली असतात आणि स्वेटरचा विषय कुणी काढत नाही. शनिवारी मात्र सकाळची शाळा, साडेसातला प्रार्थना. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो आणि चोवीस तासांतला सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आगेमागेच असतो. पोर घराबाहेर पडतं ते नेमकं त्या वेळेला, आणि दारात हा संवाद होतो:

"स्वेटर घाल."

"नाही वाजत थंडी."

"अंगावर काटा आलाय बघ."

"मम्मी, दुपारी काय करू मग त्याचं?"

या तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षं शिकवतो. घरातही एक नववीतला आणि एक अकरावीतली आहे, त्यामुळे हा संवाद मी दोन्ही बाजूंनी ऐकलेला आहे. माझं म्हणणं असं की त्यातलं शेवटचं वाक्य आपण ऐकतच नाही. 'नाही वाजत थंडी' या वाक्याला आपण चिकटून बसतो, कारण ते खोटं आहे हे डोळ्यांना दिसतं. शेवटचं वाक्य खरं असतं.

आपल्या भागातली थंडी कशी आहे ते एकदा बघा. छत्रपती संभाजीनगरचा हा पट्टा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी अकरा-बारा अंशांवर असतो, उत्तरेकडचं वारं सुटलं की दहाच्या खाली जातो. आणि त्याच दिवशी दुपारी तो एकोणतीस-तिसापर्यंत चढतो. सात तासांत अठरा अंशांचा फरक. सकाळी ज्या पोराला कानटोपी हवी असते, त्यालाच बारा वाजता पंखा हवा असतो. शाळा सुटताना तो जाड स्वेटर कमरेला बांधायचा, हातात धरायचा की दप्तरात कोंबायचा? दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं असं सरकारी धोरण सांगतं. चाळीस किलोच्या पोराला चार किलो. त्यात अर्धा किलोचा लोकरीचा गठ्ठा आणि डबा एकत्र बसत नाहीत, हे मी माझ्याच मुलाच्या दप्तरावर करून पाहिलं. चेन लागली नाही.

काश्मीर-हिमाचलात थंडी दिवसभराची असते, तिथं कोट अंगावरच राहतो. आपली थंडी तीन तासांची. तीन तासांच्या थंडीला दिवसभराचा कपडा द्यायचा आणि तो नाकारला की पोराला हट्टी म्हणायचं, यात चूक आपली जास्त आहे.

मग द्यायचं काय? पहिली गोष्ट, जी कुणाला दिसत नाही: शर्टाच्या आत अंगाला लागून बसणारी पूर्ण बाह्यांची बनियन, दुकानात जिला थर्मल किंवा इनर म्हणतात ती. गणवेश गणवेशासारखाच दिसतो, मित्र हसत नाहीत. बोचऱ्या सकाळी एवढ्यानं निम्मं काम होतं. दुसरी गोष्ट, वरून पातळ, चेनचं जर्किन, घडी करून वहीएवढं होणारं. हे विंडचीटर लोकरीइतकं ऊबदार नसतं, पण वारा अडवतं, आणि आपल्याकडे सकाळी बोचतो तो वाराच. ऊब येते ती कपड्यांच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे आणि त्यातला एक काढताही येतो. चेन असलेला कपडा गळ्यातून घालायच्या स्वेटरपेक्षा केव्हाही चांगला. चालता चालता गरम झालं की उघडता येतो आणि केस विसकटत नाहीत. या दुसऱ्या कारणाला हसू नका. तेल पाणी लावून अर्धा तास बसवलेला भांग स्वेटर डोक्यातून ओढला की मोडतो, आणि नववीतल्या मुलासाठी ते थंडीपेक्षा मोठं संकट असतं.

कुठल्या दिवशी आग्रह धरायचा आणि कुठल्या दिवशी गप्प बसायचं, हे मुलगा शाळेला जातो कसा त्यावर ठरवा. पारा किती आहे ते त्यानंतर. चालत जाणारा पोरगा चालण्यानं तापतो. दहा मिनिटांत पाठीला घाम येतो, त्याला तुमच्याइतकी थंडी वाजत नाही हे खरंच असतं. तुम्ही दारात उभ्या असता, तो चाललेला असतो. सायकलवाल्याची गोष्ट वेगळी आणि मोटारसायकलच्या मागं बसणाऱ्याची तर फारच वेगळी. वाऱ्यानं थंडी किती वाढते याचं हवामानशास्त्रात गणित आहे. हवा दहा अंशांची असेल आणि गाडी ताशी चाळीसनं चालली असेल, तर उघड्या कातडीला सहा अंशांसारखं लागतं. सायकलवर, ताशी पंधरानं, साधारण आठ अंशांसारखं. त्यात मागं बसलेल्याचं शरीर हलत नाही, म्हणजे आतून ऊब तयार होत नाही. गणोरी, वडोद बाजार, आळंद, पीरबावडा या बाजूंनी वडिलांच्या किंवा काकाच्या गाडीवर येणारी मुलं शाळेत पोचतात तेव्हा पहिल्या तासाला त्यांच्या हातात पेन धरवत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहतो. अक्षर बघूनच कळतं कोण गाडीवर आलं ते.

तेव्हा माझा नियम साधा आहे. पायी असेल तर तुझी मर्जी. सायकलवर वारा अडवणारं काहीतरी हवंच. मोटारसायकलवर जर्किन, कान झाकलेले आणि हातमोजे, याशिवाय गाडीला किक नाही. हातमोज्यांचं कारण त्यांना खरं सांगा: बधिर झालेली बोटं ब्रेक वेळेवर दाबत नाहीत. (लायसन्स नसलेल्या पोरांनी गाडी चालवायचीच नाही, हे इथं वेगळं सांगायला नको, पण आपल्या रस्त्यांवर ते रोज दिसतं म्हणून कंसात तरी सांगतो.)

'खरं सांगा' असं मी मुद्दाम म्हणतो. आपण बहुतेक वेळा काय सांगतो? स्वेटर घातला नाहीस तर सर्दी होईल. सर्दी होते विषाणूंमुळे. हिवाळ्यात ती वाढते, पण त्यात दारं-खिडक्या लावून एकमेकांना चिकटून बसण्याचा आणि कोरड्या हवेचा वाटा मोठा आहे. पोरगा चार शनिवार स्वेटर न घालता जातो, सर्दी होत नाही, आणि आईच्या शब्दाची किंमत तिथंच संपते. पुढं ती खऱ्या धोक्याबद्दल बोलली तरी तो ऐकत नाही. अंगातली निम्मी ऊब डोक्यातून जाते, हेही तसंच. डोकं जेवढं लहान तेवढीच ऊब त्यातून जाते, शरीराच्या दहाएक टक्के. कान झाकायचे ते वाऱ्यात दुखतात म्हणून, आणि हे कारण पुरेसं आहे.

बोलायची वेळही चुकते. शालेय शिक्षण विभागानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण दिलं होतं मुलांच्या झोपेचं. पाचवीपासून वरची मुलं या सवलतीबाहेर राहिली. गंमत अशी की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी लवकर जाग येत नाही. त्यांनाच आपण सहाला उठवतो आणि सव्वासहाला वाद घालतो. त्या वेळी कुठल्याही प्रश्नाला 'नको' हेच उत्तर येणार. आमच्या घरी हा विषय शुक्रवारी रात्री जेवताना निघतो. "उद्या गाडीवर सोडू का सायकल काढतोस?" एवढंच विचारायचं. गाडी म्हणाला की जर्किन खुर्चीवर काढून ठेवणं त्याचं काम. सकाळी कुणी काही बोलत नाही.

अकरावी-बारावीची जी मुलं पहिल्या एसटीनं संभाजीनगरला क्लासला जातात, त्यांची थंडी निराळी. स्टँडवर वीस मिनिटं उभं राहणं, मग खिडकीची काच खाली न येणाऱ्या गाडीत चौक्याच्या घाटातला वारा खाणं. यांना मफलर किंवा बागायतदार रुमाल द्या, तो पांघरताही येतो आणि खिडकीला अडकवताही येतो. मुली स्टोलनं तोंड-कान बांधून घेतात, ते उत्तमच. फक्त सायकलवर आणि गाडीवर बसताना स्टोलची, ओढणीची टोकं आत खोचलेली आहेत ना, हे बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. चाकात ओढणी अडकण्याचे अपघात थंडीच्या त्रासापेक्षा कितीतरी गंभीर असतात. तसंच हुडीचं. हुडी मुलांना आवडते, घालू द्या, तोही गरम कपडाच आहे. पण डोक्यावर टोपी ओढून, कानात इअरफोन घालून जळगाव रस्ता ओलांडायचा नाही. टोपीनं दोन्ही बाजूंचं दिसणं बंद होतं आणि त्या रस्त्यावर अजिंठ्याकडं जाणाऱ्या गाड्या कुणासाठी थांबत नाहीत.

पहाटे रस्त्याच्या कडेनं धावणारी पोरं तुम्ही पाहिली असतील, पोलीस भरती आणि आर्मी भरतीची तयारी करणारी. टी-शर्टावर धावतात ते बरोबरच आहे. धावताना स्वेटर नको. चूक होते ती नंतर. धावून झालं की घामानं भिजलेल्या सुती टी-शर्टातच टपरीवर बसतात. ओला सुती कपडा कोरड्या कपड्याच्या कितीतरी पट वेगानं ऊब खेचून घेतो. कोरडा शर्ट आणि जर्किन लागतं ते तेव्हा. हीच गोष्ट सव्वीस जानेवारीच्या कवायतीची. पंधरा दिवस आधीपासून मुलं सकाळी मैदानावर उभी असतात आणि रांग एकसारखी दिसावी म्हणून स्वेटर काढायला लावतात. आम्ही शिक्षकांनी हे बदलायला हवं: अंग तापेपर्यंत स्वेटर अंगावर, मग काढून एका सतरंजीवर, आणि संपल्यावर लगेच परत. फार अवघड नाही. अध्यक्षांचं भाषण मात्र सावलीत उभं राहून ऐकायला लावू नये, एवढी विनंती आहे.

शाळेबद्दल निघालंच आहे तर अजून थोडं. जी शाळा म्हणते की स्वेटर निळाच पाहिजे, ती शाळा नकळत सांगत असते की निळा नसेल तर काकडत बस. समग्र शिक्षा योजनेतून आठवीपर्यंतच्या मुलांना गणवेशाचे दोन जोड मिळतात, स्वेटर मिळत नाही. घरात असलेला मरून किंवा हिरवा घालून आलं की गेटवर अडवणूक, म्हणून मूल तो दप्तरातच ठेवतं आणि घरी सांगतं की थंडीच वाजत नाही. गुजरातेत जानेवारी २०२३ मध्ये सरकारला शाळांना सांगावं लागलं की ठरावीक स्वेटरचा आग्रह धरू नका, मुलांना कुठलेही गरम कपडे घालू द्या. आपल्याकडे आदेशाची वाट कशाला बघायची? पालकसभेत दोन आया उठून बोलल्या तरी मुख्याध्यापक ऐकतात, माझा अनुभव आहे. आणखी एक मागणी करा: वर्गात एक दोरी किंवा चार खिळे, स्वेटर अडकवायला. दुपारच्या ओझ्याचा प्रश्न निम्मा तिथंच सुटतो, कारण ज्यांची शाळा जवळ आहे ती मुलं तो तिथंच ठेवू शकतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आठवीतला एक मुलगा होता. शनिवारी खिशात मुठी घालून बसायचा, ओठ पांढुरके, विचारलं की "नाही सर, मला थंडी वाजतच नाही." मी त्याला वर्गासमोर शाबासकीसुद्धा दिली, काय मर्द गडी आहे म्हणून. ती शाबासकी मला आजही टोचते. एकदा फळ्याजवळ बोलावलं तेव्हा दप्तर उघडं होतं आणि आत कोंबलेला स्वेटर दिसला. फिकट गुलाबी. छातीवर लोकरीची दोन फुलं विणलेली आणि त्यातलं एक त्यानं ब्लेडनं उसवायचा प्रयत्न केलेला. बहिणीचा होता. घरातून तो घालून निघायचा, आजी बघायची म्हणून. फाट्यावर आला की काढायचा.

आई-बाप कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले होते. दिवाळीनंतर मराठवाड्यातून अशी कितीतरी घरं उठतात, पोरं आजी-आजोबांपाशी राहतात, आणि स्वेटर आखूड झालाय हे बघायला घरात कुणाचे डोळे नीट चालत नसतात. मुलगा 'नको' म्हणतो तेव्हा त्याच्याकडे 'नाही' असू शकतं. हे घरच्यांनी तर बघावंच, पण शेजाऱ्यांनी आणि शिक्षकांनी जास्त बघावं. आणि द्यायचं तर वर्गासमोर, फोटो काढून द्यायचं नाही. दिलेला स्वेटर त्या फोटोमुळेच दप्तरात जातो.

तुमच्या घरात स्वेटर घेण्याइतकं आहे असं धरून सांगतो. घेताना मुलाला सोबत न्या आणि रंग त्याला निवडू द्या. तो काळा किंवा करडाच निवडणार, निवडू द्या. तिबेटी विक्रेत्यांच्या दुकानात असो की आठवडी बाजारात, माल बहुतेक लुधियानाचाच असतो, त्यामुळे फार हिंडायची गरज नाही. 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन मापं मोठा घेऊ नका. बाह्या दोनदा दुमडलेला, खांदे कोपरापर्यंत आलेला स्वेटर तेरा वर्षांचं मूल पहिल्या दिवशी घालतं, दुसऱ्या दिवशी नाही. पण हेही खरं की या वयात मुलगा वर्षात आठ-नऊ सेंटीमीटर वाढू शकतो. म्हणून एक माप मोठं, खालून आणि मनगटाला इलॅस्टिक असलेलं जर्किन घ्या. इलॅस्टिकमुळे मोठेपणा दिसत नाही आणि दोन हिवाळे निघतात.

मुलींबद्दल दोन उलट्या गोष्टी. पहिली, काही मुली स्वेटर काढतच नाहीत. मार्चचं ऊन तापलं तरी अंगात स्वेटर. अशा मुलीला "अगं काढ तो, उन्हाळा लागला" असं चारचौघांत म्हणू नका. शरीर बदलत असतं, गणवेशाचा शर्ट दाटतो, पातळ कापडातून आतलं दिसतं, कधी पाळीच्या डागाची भीती असते. मोठ्या मापाचा गणवेश आणि आत स्लिप दिली की स्वेटर आपोआप सुटतो. दुसरी, सगळे जेमतेम गारठलेले असताना जी मुलगी हुडहुडी भरल्यासारखी कुडकुडते, हातपाय कायम गार, जिना चढताना धाप, चेहरा फिका, तिला आणखी एक स्वेटर देऊन भागणार नाही. रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला होता. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी याचसाठी असते. कितीतरी मुली ती खिडकीबाहेर टाकतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर घ्या, आणि पुढचा तासभर चहा नको.

काही मुलांच्या बाबतीत मात्र 'तुझी मर्जी' चालत नाही. ज्याला दमा आहे त्याला गार कोरडी हवा नाकात गेली की धाप लागू शकते; सकाळी नाक-तोंडावरून रुमाल आणि खिशात पंप, दोन्ही हवेत. सिकलसेल असलेल्या मुलाला थंडीनं वेदनेचा झटका येऊ शकतो. नुकताच ताप येऊन गेलेलं, फार बारीक झालेलं पोर असेल तर त्याचंही ऐकू नका. आणि कपडे ओले झाले असतील, धुक्यात, अवकाळीच्या पावसात, तर कुणाचंच ऐकू नका. आपल्याकडच्या आठ-दहा अंशांत कोरड्या कपड्यांतलं, खाऊन निघालेलं निरोगी मूल नुसतं काकडतं, त्याच्या जिवाला काही होत नाही. ओलं झालं की हिशोब बदलतो. कुडकुडणं थांबेना, जीभ जड झाली, हातातून वस्तू पडायला लागल्या, पोर गुंगल्यासारखं वागायला लागलं, तर कोरडे कपडे, पांघरूण, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा किंवा दूध, आणि लगेच दवाखाना. परभणी-निफाडकडची थंडी अजून कडक. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. तिकडच्या नातेवाइकांकडे मुलं जाणार असतील तर इथली मोकळीक तिथं देऊ नका.

शेकोटीचंही सांगून टाकतो. फाट्यावर गाडीची वाट बघताना पोरं पऱ्हाटी, पाचट, टायरचा तुकडा, जे सापडेल ते पेटवतात. टायर आणि प्लास्टिकचा धूर छातीत जातो. आणि आपण प्रेमानं घेऊन दिलेलं जर्किन, हुडी, बाजारातला स्वेटर यातलं बहुतेक कापड पॉलिस्टर नाहीतर अ‍ॅक्रिलिकचं असतं. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. अंगात जर्किन असेल तर जाळापासून दोन पावलं मागं, एवढं त्यांना बजावा.

निघताना पोटात काही असू द्या. उपाशी शरीर ऊब कुठून आणणार? बाजरीची अर्धी भाकर आणि गुळाचा खडा, नाहीतर रात्रीची पोळी चहाबरोबर. फुलंब्री-खुलताबादकडं आल्याची शेती घरोघर आहे, तेव्हा चहात आलं टाकायला मी सांगायला नको.

राहिली पेटीतल्या स्वेटरची गोष्ट. मुलं पहिल्या थंडीत स्वेटर नाकारतात त्याचं एक कारण वास हे असतं. वर्षभर डांबराच्या गोळ्यांत राहिलेला कपडा आपण आदल्या रात्री काढतो आणि सकाळी अंगात घालायला लावतो. वर्गात शिरलं की शेजारचा नाक दाबतो. दिवाळीच्या फराळाचे डबे निघतात तेव्हाच स्वेटर काढा, दोन दिवस कडक उन्हात टाका. संक्रांतीनंतर थंडी ओसरायला लागली की पेटीत ठेवण्याआधी एकदा पोराला तो अंगात घालायला सांगा आणि हात पुढं करायला सांगा. मनगटाचं हाड उघडं पडलं तर तो पेटीत ठेवू नका. ज्याला तो नीट बसेल असं पोर तुमच्या गल्लीतच असेल, आणि त्याच्यासाठी थंडीचे अजून दोन-तीन शनिवार बाकी असतील.